छातीची चतुःसीमा

अर्जदार: मी स्वतः. व्यवसाय अर्जनवीस, म्हणजे लोकांचे अर्ज, करारनामे व दस्त लिहून देणारा. बैठक सुलतान बाजारात, झेरॉक्सच्या दुकानाच्या पायरीलगत. वर छत्री, खाली टेबल. शिक्षण दहावी, पैकी गणित हा विषय वादग्रस्त.

ज्यांच्यासाठी अर्ज: श्री. रंगनाथराव मुदखेडकर, वय सत्तरीच्या पुढे, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे अलीकडे. धंदा मुरगळीवरचे मलम तयार करणे.

गैरअर्जदार: नक्की कोण, हे अर्जदारास अद्याप समजलेले नाही.

साक्षीदार: एक, कबड्डी संघाचा कप्तान नरसिंग. दोन, कंपनीच्या कायदे विभागातील अवनी मॅडम. तीन, स्टीलची ताटे. तिसऱ्या साक्षीदाराचा खुलासा योग्य ठिकाणी येईल.

दिनांक: शनिवार. कोणता शनिवार, असे कोणी विचारल्यास, प्रत्येक.

वाचकहो, सदर रंगनाथराव हे माझ्या माहितीतील एकमेव गृहस्थ आहेत, जे कबड्डीचा सामना सुरू होण्यापूर्वी मैदानात उतरून खेळाडूंच्या छातीला टेप लावतात. टेप शिंप्याची, पिवळी, टोकाला पितळी पट्टी असलेली. आमच्या गल्लीच्या संघाच्या जर्सीवर 'मुदखेडकर मलम' अशी अक्षरे असत व त्या जर्सी दरवर्षी रंगनाथरावच शिवून देत. ते प्रथम अक्षरे मोजीत आणि नंतर, का कोण जाणे, टेप पाठीमागून फिरवून खेळाडूची सबंध छाती मोजीत. पंच शिटी तोंडात धरून उभे राहत.

"काका, गुदगुल्या व्हायलेत. सोडा ना," नरसिंग म्हणे.

"हलू नको. नाव आकसलंय का बघायलोय."

"नाव कसं आकसंल? धुतल्यावर जर्सी आकसती."

"मग जर्सीवरचं नाव काय हवेत ऱ्हातंय का? आणि नरसिंगा, दोन बोटं उतरलास की रे. काय खातोस?"

यातील दुसऱ्या मापाला जाहिरातीच्या कायद्यात काही अर्थ नाही, असे मी त्यांना एकदा समजावून सांगितले होते. त्यांनी टेप गुंडाळून खिशात ठेवली व म्हणाले, "मुन्शीजी, तुमचं काम तुमी करा."

रंगनाथरावांचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे एक प्रश्न: "लेखी आहे का?" कोथिंबीरवाली म्हणाली, ताजी आहे, तर हे विचारणार, लेखी आहे का? बसचा कंडक्टर म्हणाला, पुढच्या स्टॉपला थांबेल, तर खिडकीतून हात काढून कागद मागणार. एकदा दाढ काढण्यासाठी गेले असता डॉक्टर म्हणाले, "घाबरू नका, दुखणार नाही." रंगनाथरावांनी उघडलेले तोंड मिटून घेतले व ते लेखी मिळेपर्यंत पुन्हा उघडले नाही. डॉक्टरांनी चिठ्ठीच्या मागे 'दुखणार नाही' असे लिहून सही केली आणि क्षणभर विचार करून आधी 'फारसे' हा शब्द घातला. ती चिठ्ठी मी पाहिली आहे. अशा सर्व चिठ्ठ्या ते बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात ठेवतात.

या जगात हा प्रश्न त्यांनी ज्याला कधी विचारला नाही असा मनुष्य एकच, तो म्हणजे प्रस्तुत अर्जदार. "मुन्शीजींनी ऐकलं म्हणजे लेखीच झालं," असे ते चारचौघांत म्हणत. मला त्याचा अभिमान होता. होता, हा शब्द मी विचार करून वापरला आहे.

आता मूळ दस्ताकडे वळतो.

काही वर्षांपूर्वी रंगनाथराव नरसिंगला घेऊन माझ्या टेबलाशी आले व म्हणाले, "जर्सीवर माझं नाव राहणार. पक्कं करून द्या." अशा प्रकारचा दस्त मी तोवर लिहिला नव्हता. शेतजमीन, घर, दुकानाचा गाळा, वाटणीपत्र, दत्तकपत्र, हे सर्व माझ्या हातचे आहे. परंतु चालत्याबोलत्या माणसाच्या अंगावरील जागा हा विषय नवीन. मी पेन ठेवून पुष्कळ विचार केला. छाती खेळाडूची. जर्सी रंगनाथरावांनी शिवलेली. संघ गल्लीचा. बघणारे डोळे प्रेक्षकांचे. मग यात देणारा कोण, घेणारा कोण आणि दिले जाते ते नेमके काय? मी जितका विचार केला तितका गोंधळ वाढला. शेवटी जागा ती जागा, असे ठरवून मी जमिनीच्या दस्ताप्रमाणे चतुःसीमा घातल्या. त्या येथे जशाच्या तशा देतो:

"सदर जर्सीच्या पुढील अंगाचा पूर्वेकडील अर्धा भाग. यांसी चतुःसीमा: पूर्वेस खेळाडूची काख. पश्चिमेस छातीची मधली रेघ. उत्तरेस गळा. दक्षिणेस चड्डीची नाडी. येणेप्रमाणे चतुःसीमापूर्वक जागा, तीवरील घाम व माती यांसह, लिहून घेणार यांच्या नावाकरिता राखून ठेवली असे."

दस्तात 'प्रायोजक' हा शब्द मी प्रथमच घातला. रंगनाथरावांनी अर्थ विचारला.

"जो खेळाचा भार उचलतो व मध्ये बोलत नाही, तो," मी सांगितले.

"मग मी न्हाय त्यातला. मी बोलणार."

उठताना त्यांनी आणखी एक कलम सांगितले. "शनिवारी संध्याकाळी सगळ्या पोट्ट्यांनी माझ्याकडं जेवायला यायचं. रविवारी सामना असो नसो. हे बी लिहा."

मी मान हलवून ते कच्च्या मसुद्यात टिपले. नरसिंग हसून म्हणाला, "काका, जेवायला कायकू कागद? असंच येतो की."

"तू येशील रे. तुझ्या मागून जो येईल त्याला कोण सांगणार?"

आणि खरोखर, संघ दर शनिवारी त्यांच्या घरी जाई. घर म्हणजे माडीवरच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत मलमाचे पातेले, कापूर, ओव्याचे सत्त्व, निलगिरीचे तेल. आतल्या खोलीत चूल व पंगत. त्यांच्या पत्नी वारल्यानंतर स्वयंपाक ते स्वतः करीत. सर्व गल्लीला शनिवारी दोन वास एकत्र येत, कापराचा आणि भाकरीचा. मला स्वतःला आमंत्रण असे; परंतु मी दस्तातील पक्षकारांच्या घरी जेवत नाही व त्यांच्यासोबत प्रवासही करीत नाही. तो माझा नियम होता.

असे सर्व सुरळीत चालले असता संघ जिंकू लागला. येथूनच अडचणीस प्रारंभ झाला.

कुकटपल्लीतील एका कंपनीने संघास एका मोठ्या स्पर्धेत उतरवण्याचे ठरवले. ही कंपनी दुखऱ्या भागावर मारावयाचा फवारा तयार करते. तिचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण नाव लिहिले म्हणजे जाहिरात होते व जाहिरातीसाठी करार लागतो. कंपनीने मुलांना बूट दिले, सरावासाठी मॅट दिली, नव्या जर्सी दिल्या. रंगनाथरावांना त्याचे वाईट वाटले नाही. उलट "घ्या रे पोट्टेहो, गुडघे फुटायचे वाचतील," असे ते म्हणाल्याचे मी ऐकले आहे.

त्यानंतर एके दिवशी नरसिंग माझ्या टेबलाशी एक इंग्रजी पत्र घेऊन आला. रंगनाथरावही होते. नरसिंग खाली बघून बोलत होता.

"काका, त्यांनी सांगितलं, दुखण्याच्या औषधाचं दुसरं नाव अंगावर नक्को. एकच राहणार म्हणे."

"बरं."

"आणि दुसऱ्या दुखण्याच्या कंपनीच्या जागेत जायचं नाही. सही घेतली आमची. म्हणून... शनिवारी जमणार नाही काका."

"कंपनी? कोण कंपनी? घर हाय रे ते माझं!"

"तिथंच मलम बनतंय ना काका. त्यांच्या कागदात ती जागा झाली."

रंगनाथराव माझ्याकडे वळले. "मुन्शीजी, शनिवारचं बघा."

मी त्यांना धीर दिला की नावाची जागा मी एक इंचही सोडणार नाही. ते पुन्हा म्हणाले, "शनिवारचं." मी म्हणालो, चतुःसीमा पक्क्या आहेत. ते तिसऱ्यांदा म्हणाले, "अहो, शनिवार." वय झाल्यामुळे गृहस्थांच्या ध्यानात मुख्य मुद्दा राहत नाही, असा मी समज करून घेतला व त्याच दुपारी कंपनीस सात पानी नोटीस लिहिली. ती सर्वस्वी छातीविषयी होती.

कंपनीने आम्हांस बोलावले. मी इस्त्रीचा सदरा घातला व आम्ही तिघे कुकटपल्लीस गेलो. मी नियम मोडून पक्षकारांसह एकाच ऑटोत बसलो, कारण दुसरी मिळाली नाही.

अवनी मॅडम वयाने माझ्या मुलीएवढ्या. आईवडील पुण्याचे, जन्म व शाळा येथलीच. त्यांनी आम्हांस चहा दिला व माझा दस्त हातात घेऊन एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचू लागल्या.

"सॉरी हं काका, मराठी वाचायला मला वेळ लागतो. पूर्वेस... खेळाडूची... काक?"

"काख," मी म्हणालो. "बाहूच्या खालील भाग."

"म्हणजे ही बाउंडरी आहे?"

"चतुःसीमांपैकी पहिली."

मॅडमनी पाण्याचा एक घोट घेतला. "ओके. पण पूर्व म्हणजे कुठली बाजू? डावी की उजवी?"

हा प्रश्न मला पंचवीस वर्षांच्या व्यवसायात कोणी विचारला नव्हता. मी उत्तर दिले की नकाशात उत्तर वर असते, म्हणून गळा उत्तर. आणि पूर्व आपल्या उजव्या हाताला.

"आपल्या म्हणजे बघणाऱ्याच्या? की घालणाऱ्याच्या?"

नरसिंगला उभे करण्यात आले. मी समोरून बघितले असता पूर्व त्याच्या हृदयाकडे आली. मॅडमनी त्याला उत्तरेस तोंड करून उभे केले, तेव्हा पूर्व त्याच्या उजव्या हाताला गेली. मी म्हणालो, असे असल्यास त्याने दक्षिणेकडे तोंड करून खेळावे.

"मुन्शीजी," नरसिंग म्हणाला, "हाफटाइमनंतर बाजू बदलती आमची. मग तोंड उलटं होतंय."

मध्यंतरानंतर जागा दुसऱ्या मालकाची होते काय, हा प्रश्न आम्हा सर्वांच्या मनात आला असावा. माझ्या मनात तर तो आजही आहे. मी नरसिंगला पुन्हा एकदा फिरवले. तो बिचारा फिरला. रंगनाथराव उठले, खिशातून टेप काढली, नरसिंगच्या छातीभोवती फिरवली आणि आकडा बघून म्हणाले, "अजून उतरलास की रे."

मॅडम हसल्या नाहीत, हे मला येथे नमूद करावयाचे आहे. त्या म्हणाल्या, "काका, तुमचा करार आमच्या आधीचा आहे, हे मी मानते. पुढून नाव काढावं लागेल, पण बाहीवर छोटं नाव ठेवायला मी वरच्यांना तयार करू शकते. चालेल?"

माझ्या दृष्टीने हा विजय होता. काखेच्या पलीकडे, म्हणजे सीमेबाहेर, जागा मिळत होती! मी होकार देण्यासाठी घसा साफ केला.

"नाव नक्को," रंगनाथराव म्हणाले.

"काय?"

"बाही नक्को, छाती नक्को. सगळी जागा तुमी घ्या. मला शनिवार द्या, बाई."

मॅडमनी माझ्याकडे पाहिले. मी छताकडे पाहिले. नरसिंगने त्यांना शनिवारचे सर्व सांगितले, भाकरी, अंबाडीची भाजी, आमटी, कोण किती खातो तेसुद्धा. त्या ऐकत राहिल्या व मग अगदी सरळ मनाने म्हणाल्या:

"काका, हे लेखी आहे का? तुमच्या जुन्या करारात असेल, तर मी आधीचा हक्क म्हणून ते ठेवू शकते. खरंच ठेवते."

रंगनाथरावांचा चेहरा उजळला. आयुष्यभर जो प्रश्न त्यांनी दुसऱ्यांना विचारला, तो कोणी प्रथमच त्यांना विचारला होता आणि उत्तर त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसले होते. ते रुबाबात माझ्याकडे वळून म्हणाले, "मुन्शीजी, वाचा."

मी मॅडमकडून दस्त घेऊन पाने उलटली. पहिले, दुसरे, तिसरे. पुन्हा पहिले.

त्या कलमाचे काय झाले ते मला पहिल्या पानालाच आठवले होते. पक्की प्रत करताना ते मी गाळले. दस्तात जमीन बसते, घर बसते. भाकरी बसत नाही, असे माझे मत होते. शिवाय कागदाच्या तळाशी जागा उरली नव्हती आणि माझी सही मोठी आहे.

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी दस्त माझ्या हातून घेतला नाही, पडताळूनही पाहिला नाही. टेप बोटांभोवती गुंडाळता गुंडाळता एवढेच बोलले, "ऱ्हायलं असंल. लई गर्दी असती तुमच्याकडं." मग मॅडमना म्हणाले, "चहा चांगला होता, पोरी."

परतीच्या ऑटोत मी दस्त पुन्हा एकदा वाचला. गोंधळ माझ्या नेहमीच्या सहवासातला आहे, त्याच्यावर माझे पोट चालते. परंतु आपण चुकलो हे स्पष्ट समजणे, ही गोष्ट मला नवीन होती. तिचे काय करावे हे उमजेना.

त्यानंतरच्या शनिवारी संध्याकाळी मी नियम मोडून त्यांची माडी चढलो. जिन्यातच काहीतरी चुकल्यासारखे वाटले. कापराचा वास नव्हता. बाहेरच्या खोलीत मलमाचे पातेले घासून पालथे घातले होते, बाटल्या गेलेल्या होत्या, फरशी धुतलेली होती.

"या मुन्शीजी," ते आतून म्हणाले. "धंदा बंद केला. आता ही कंपनी न्हाय. नुसतं घर हाय. असं लिहून देता येतंय का?"

मी आतल्या खोलीत गेलो. पंगत मांडलेली होती. भिंतीला लागून सहा, समोर सहा. कोणी येणार नव्हते, हे त्यांना माहीत होते. तरी मांडलेली होती. मी शेवटच्या ताटापाशी बसलो. त्यांनी भाकरी वाढली, भाजी वाढली.

आपल्याकडे भांड्यांवर नाव घालण्याची पद्धत आहे. बाजारातला भांडेवाला यंत्राने टिकटिक करून घालून देतो. सौभाग्यवती अमुक यांजकडून, असे. मी सवयीने ताटाच्या काठावरचे नाव वाचले. मला वाटले होते, त्यांच्या पत्नीचे असेल.

तेथे 'नरसिंग' असे लिहिले होते.

मी शेजारच्या ताटाकडे वळलो. 'यादगिरी.' त्यापुढे 'छोटा राजू.' मग 'बालाजी.' बाराही ताटांवर बारा नावे होती. मांडणीवर आणखी ताटांची एक चळत होती, ती जे संघ सोडून नोकरीला, दुसऱ्या गावाला, कुठे कुठे गेले त्यांची. तीसुद्धा घासून पुसून ठेवलेली.

मी वर्षानुवर्षे समजत होतो की हा मनुष्य मुलांच्या छातीवर आपले नाव लावण्यासाठी धडपडतो आहे. त्याने सर्वांची नावे आपल्या घरात कधीच लावून ठेवली होती. करार नाही, साक्षीदार नाही, सही नाही.

मी हात आखडला. "हे नरसिंगचं ताट आहे."

"जेवा," ते म्हणाले. "तो आज येणार न्हाय." आणि पाणी आणायला म्हणून उठून गेले ते जरा वेळाने आले.

सबब, उपरोक्त हकिकतीवरून अर्जदाराची नम्र विनंती पुढीलप्रमाणे आहे.

मी चूकदुरुस्तीचा दस्त तयार केला आहे. चूक माझी आहे, असे त्यात पहिल्याच ओळीत लिहिले आहे, व सही लहान केली आहे. त्यात मुदखेडकर मलम हा धंदा बंद झाल्याचे व सदर माडी ही केवळ राहते घर असल्याचे नमूद आहे. तेव्हा दुसऱ्या कंपनीच्या जागेत जाऊ नये, ही अट तिला आता लागू पडत नाही. जर्सीवरील सर्व हक्क, पूर्व जिकडे असेल तिकडच्या बाजूसह, सोडून दिले आहेत. राखून ठेवलेली जागा एकच. तिच्या चतुःसीमा:

पूर्वेस खिडकी. पश्चिमेस चूल. उत्तरेस स्वतः रंगनाथराव, वाढण्याच्या तयारीत. दक्षिणेस जिन्याचे दार, जे दर शनिवारी उघडे असते. येणेप्रमाणे चतुःसीमापूर्वक बारा ताटे, त्यांवरील नावांसह.

यावर अवनी मॅडमची, अथवा त्यांच्या वरचे जे कोणी असतील त्यांची, आणि नरसिंगची सही व्हावी. मॅडमना वाचण्यास त्रास होऊ नये म्हणून अक्षर मोठे काढले आहे. गैरअर्जदार कोण, हे मला अखेरपर्यंत ठरवता आले नाही. त्या रकान्यात मी शेवटी माझे नाव घातले आहे.

उत्तर कृपया लेखी द्यावे. ते जमत नसल्यास सर्वांनी शनिवारी संध्याकाळी माडीवर यावे. तेच लेखी समजले जाईल.

कळावे,
अर्जदार